उत्तर झाका, मग मोजा

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला थॉमसनच्या पद्धतीने 'ई बाय एम', म्हणजे इलेक्ट्रॉनचा भार भागिले त्याचं वस्तुमान, काढायचं असतं. लाकडी पट्टीच्या मधोमध कॅथोड किरण नळी, दोन्ही बाजूंना पट्टीचुंबक, आणि नंतर नळी काढून त्याच जागी मॅग्नेटोमीटर. पट्टी चुंबकीय उत्तर-दक्षिणेशी नीट जुळवली नाही, किंवा शेजारी लोखंडी स्टूल राहिलं, की सुई दोन-चार अंश सरकते आणि उत्तर १.७६ ऐवजी १.४ किंवा २.१ येतं. इथवर काही बिघडलेलं नसतं. उपकरण आपल्याला काहीतरी सांगत असतं. बिघडतं ते पुढे. जर्नलच्या तक्त्यात आधी पेन्सिलीने आकडे पडतात, स्टँडर्ड व्हॅल्यूशी ताडले जातात, खोडरबर फिरतं, आणि पेनने उतरवलेल्या तक्त्यात पर्सेंटेज एरर बरोबर दीड टक्क्याच्या आत बसते. मुलांना हे ठाऊक असतं, शिकवणाऱ्यांना असतं आणि एक्स्टर्नललाही असतं.

यात मुलांना दोष देऊन उपयोग नाही. गुण उत्तराला असतील तर उत्तरच जुळवलं जाणार. पण या सवयीची किंमत मोठी आहे. दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकून मुलगा बाहेर पडतो, आणि मोजमाप सिद्धांताशी जुळलं नाही तर काय करायचं असतं हे त्याला एकदाही अनुभवायला मिळालेलं नसतं. म्हणून माझी मागणी सरळ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या, दोन्ही विद्यापीठांनी एमएस्सी भौतिकशास्त्रात लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या (एलएचसी, म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतलं, २७ किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळवणारं यंत्र) खुल्या डेटावरचं एक पूर्ण प्रॅक्टिकल ठेवावं, आणि ते ऐच्छिक नको, सक्तीचं असावं. जिनिव्हाचं नाव मोठं आहे म्हणून हे म्हणत नाही. रीडिंग जुळवण्याला तिथल्याइतका कडक मज्जाव फार थोड्या क्षेत्रांत असेल, आणि तिथला डेटा आपल्या लातूरच्या किंवा परभणीच्या लॅबमध्ये पेन ड्राइव्हवर मावतो, म्हणून म्हणतो.

मज्जाव म्हणजे नेमकं काय, ते हिग्ज बोसॉन या मूलभूत कणाच्या उदाहरणाने पाहू. डिसेंबर २०११ पर्यंतच्या डेटाच्या आलेखात १२५ जीईव्ही (कणांचं वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा मोजायचं एकक) वस्तुमानाच्या आसपास थोडा उंचवटा दिसू लागला होता. आता २०१२ चा डेटा येणार, आणि कुठे पाहायचं हे सगळ्यांना माहीत. अशा वेळी माणूस नकळत निवडीचे निकष इकडे-तिकडे सरकवतो. ही घटना (एका टकरीची नोंद) ठेवू, ती गाळू, असं करत उंचवटा वाढत जातो, आणि करणाऱ्याला आपण प्रामाणिकच आहोत असं वाटत राहतं. म्हणून सीएमएस या प्रयोगातल्या गटांनी २०१२ च्या डेटातला तो पट्टा स्वतःपासूनच झाकून ठेवला. निकष, पार्श्वभूमीचा (हिग्ज नसतानाही तशाच दिसणाऱ्या घटनांचा) अंदाज, त्रुटींचा हिशेब हे सगळं बाकीच्या भागावर आणि सिम्युलेशनवर पक्कं केलं, गोठवलं, आणि मग जून २०१२ मध्ये झाकण उघडलं. एकदा उघडल्यावर निकष बदलायचे नाहीत. ४ जुलैला सीएमएस आणि अ‍ॅटलास या दोन स्वतंत्र प्रयोगांनी ५ सिग्माच्या आसपासचा निकाल जाहीर केला. ५ सिग्मा म्हणजे हिग्ज नसताना केवळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा उंचवटा दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. याचा अर्थ 'हिग्ज असण्याची शक्यता अमुक टक्के' असा लावणं चूक आहे. वर्तमानपत्रांत ही गल्लत नेहमी होते आणि व्हायव्हात विचारावा असा हा पहिला प्रश्न आहे.

आता मोजमाप किती नाजूक आहे ते जवळून पाहू. झेड बोसॉन हा जड कण मोडून दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनची जड भावंडं) निघाले, प्रत्येकाचा आडवा, म्हणजे किरणशलाकेला काटकोनातला, संवेग साधारण ४५.६ जीईव्ही. सीएमएसच्या सोलेनॉइडचं (वेटोळ्याच्या चुंबकाचं) क्षेत्र ३.८ टेस्ला. संवेग जीईव्हीत, क्षेत्र टेस्लात आणि त्रिज्या मीटरमध्ये घेतली तर संवेग म्हणजे ०.३ गुणिले क्षेत्र गुणिले त्रिज्या. म्हणजे या म्युऑनच्या वाटेची वक्रता-त्रिज्या ४० मीटर. पण आपल्याकडे तिला मापायला सिलिकॉन ट्रॅकरचा (कणाची वाट टिपणाऱ्या भागाचा) जेमतेम १.१ मीटर आहे. एवढ्या अंतरात सरळ रेषेपासून बाक किती? अंतराचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या, म्हणजे पावणेचार मिलिमीटर. संवेग एक टक्क्यात हवा असेल तर हा बाक ४० मायक्रॉनच्या आत कळला पाहिजे, केसाच्या जाडीहून बारीक. आणि हे १४,००० टन वजनाच्या यंत्राच्या पोटात. सिलिकॉनच्या पट्ट्या तापमानाने, चुंबक चालू-बंद केल्याने किंचित सरकतात. त्या कुठे आहेत हे शेवटी लाखो कणांच्या वाटांवरूनच उलट काढावं लागतं. संवेग दुप्पट झाला की बाक निम्मा होतो, म्हणजे जितका कण जोरकस तितकी सापेक्ष चूक मोठी. या एका गणितात अकरावी-बारावीचं वर्तुळ, पदवीचं विद्युतचुंबकत्व आणि त्रुटींचं गणित एकत्र येतं. आपल्या सध्याच्या अभ्यासक्रमात ते तीन वेगवेगळ्या कप्प्यांत पडून आहेत.

याआधीच्या, त्याच २७ किलोमीटरच्या बोगद्यातल्या एलईपी या यंत्राची गोष्ट तर प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावी. १९९० च्या दशकात तिथे झेडचं वस्तुमान मोजताना किरणशलाकेची ऊर्जा तासातासाला थोडी हलत असे. कारण निघालं चंद्र. समुद्राला भरती येते तशी जमिनीच्या कवचालाही येते, आणि तिने बोगद्याचा परीघ सुमारे एक मिलिमीटर बदलत होता. जिनिव्हा सरोवराच्या पाण्याची पातळी बदलली तरी तोच प्रकार. मग आणखी एक गडबड सापडली, जी रात्री थांबायची आणि पहाटे सुरू व्हायची. ती निघाली फ्रेंच जलदगती रेल्वेची. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह यंत्राच्या धातूच्या नळीतून जाऊन चुंबकांना डिवचत होता. १.४ आलेलं उत्तर खोडून १.७६ करायची सवय लागलेल्या माणसाला ही आगगाडी कधीच सापडली नसती.

चुका तिथेही होतात, मोठ्या होतात. फरक एवढाच की त्या उघड्यावर होतात. २०११ मध्ये इटलीतल्या ओपेरा प्रयोगाला न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचताना दिसले. महिने गेले, आणि मूळ निघालं नीट न बसलेली ऑप्टिकल फायबरची जोडणी. डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस दोघांनाही ७५० जीईव्हीजवळ फोटॉनजोड्यांचा उंचवटा दिसला. अ‍ॅटलासमध्ये त्या एका जागेपुरता हिशेब केला तर तो साडेतीन सिग्माच्या वर होता. पण 'आपण शेकडो जागी पाहिलं, त्यांतल्या कुठेतरी असा उंचवटा दिसण्याची शक्यता किती' असं विचारलं की तोच आकडा २ सिग्माच्या आसपास येत होता. सिद्धांतवाल्यांनी त्यावर शेकडो शोधनिबंध लिहून टाकले. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आला आणि उंचवटा विरून गेला.

आपल्याकडे पाणाड्याच्या बाबतीत नेमकी हीच चूक होते. नारळ उभा राहिला तिथे बोअर घेतला आणि पाणी लागलं, ही गोष्ट गावभर होते. त्याने दाखवलेल्या किती जागा कोरड्या गेल्या, आणि त्याच शिवारात कुठेही डोळे झाकून बोअर घेतला असता तर किती लागले असते, ही दोन मोजमापं कोणी ठेवत नाही. मराठवाड्यातला कर्जबाजारी शेतकरी बोअरवर किती पैसा जमिनीत घालतो ते पाहिलं तर हा प्रश्न कणभौतिकीपेक्षा लहान नाही. कृत्रिम पावसाचंही तेच. २०१५ आणि २०१९ मध्ये इथून विमानं उडाली. विमान गेलं आणि पाऊस पडला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पडणारच होता तो पाऊस किती होता? कोलायडरच्या भाषेत याला पार्श्वभूमी म्हणतात. ती स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय एकही दावा तिथे पुढे जात नाही. पाऊस असो वा कण, प्रश्न विचारायची ही रीत शिकलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यात असायला हवीत.

सगळ्यात बोलकं उदाहरण एलएचसी-बी या प्रयोगाचं आहे. बी-मेसॉन हा अल्पायुषी कण मोडताना म्युऑनजोडी आणि इलेक्ट्रॉनजोडी सारख्याच प्रमाणात निघाल्या पाहिजेत असं प्रस्थापित सिद्धांत, म्हणजे स्टँडर्ड मॉडेल, सांगतं. गुणोत्तर १. मार्च २०२१ मध्ये ते ०.८४६ आलं, ३.१ सिग्मा. जगभर खळबळ. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गटाने स्वतःच जाहीर केलं की गुणोत्तर १ शी जुळतं. काय राहिलं होतं? इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेल्यांत काही दुसरेच कण इलेक्ट्रॉनच्या वेशात घुसले होते, आणि त्यांचा अंदाज कमी धरला गेला होता. लक्षात घ्या, इथे उत्तर 'बरोबर' आलं म्हणून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नेमकं कुठे चुकलं ते शोधायला पावणेदोन वर्षं लागली, आणि त्याचंच मोल आहे.

झेडसारख्याच दुसऱ्या एका जड कणाच्या, डब्ल्यू बोसॉनच्या, वस्तुमानाचा वाद तर अजून जिवंत आहे. अमेरिकेतल्या बंद पडलेल्या टेव्हाट्रॉन या कोलायडरच्या जुन्या डेटावरून सीडीएफ गटाने एप्रिल २०२२ मध्ये वस्तुमान दिलं ८०,४३३.५ एमईव्ही (जीईव्हीचा हजारावा भाग), त्रुटी ९.४. सिद्धांताचा आकडा ८०,३५७ च्या आसपास. सप्टेंबर २०२४ मध्ये सीएमएसने जवळजवळ तितक्याच काटेकोरपणे मोजून ८०,३६०.२ दिलं, त्रुटी ९.९. एवढं अंतर योगायोगाचं नसतं. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. २०१२ नंतर एवढा खर्च करून नवीन मूलभूत कण मिळालाच नाही, मग हे कशासाठी? त्याला उत्तर असं, की काही न सापडणं हेही मोजमाप असतं, फक्त ते नीट केलेलं हवं. समजा एखादा सिद्धांत म्हणतो की तुमच्या निवडीत सरासरी ३ घटना दिसतील, आणि पार्श्वभूमी शून्य आहे. तुम्हाला एकही दिसली नाही. सिद्धांत खरा असून असं होण्याची शक्यता, पॉयसाँच्या सूत्राने, ५ टक्के. म्हणजे तो सिद्धांत ९५ टक्के पातळीवर बाद. याच रीतीने अतिसममिती या सिद्धांतातले ग्लुइनो हे कल्पित कण, निदान सोप्या प्रतिमानांत, २ टीईव्हीच्या (२,००० जीईव्हीच्या) पलीकडे ढकलले गेलेत. तीस-चाळीस वर्षं ज्या सिद्धांताच्या सौंदर्यावर लोकांची कारकीर्द उभी राहिली, त्याला एका शून्याने मागे सरकवलं. हिग्जच्या शोधाइतकंच हे मला मोलाचं वाटतं.

पैशाचा आक्षेप वेगळा. ज्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे जिनिव्हाच्या गोष्टी कशाला? नवा ९१ किलोमीटरचा कोलायडर बांधावा की नाही, त्यावर अब्जावधी फ्रँक घालावेत की नाही, हा वाद युरोपात चालू आहे आणि त्यावर शंका घ्यायला जागा आहे. पण आपल्या खिशातून जायचं ते आधीच गेलं आहे. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. सीएमएसमधल्या बाह्य हेड्रॉन कॅलरीमीटरमध्ये (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागात) मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचं काम आहे. एलएचसीची चुंबकं ज्या जॅकवर उभी आहेत ते सात हजारांहून अधिक जॅक भारताने पुरवलेले आहेत. दिलेल्या पैशाचा वाटा मुंबई-पुण्यातच अडकला असेल, तर टँकर येणाऱ्या भागाने तो जास्त हक्काने मागावा. आणि तो फुकट आहे. सर्नचं खुल्या डेटाचं भांडार २०१४ पासून सगळ्यांना उघडं आहे.

आता प्रत्यक्ष कामाचं. सीएमएसच्या २०१२ च्या डेटातून दोन म्युऑनच्या घटनांची एक सुटसुटीत फाइल उपलब्ध आहे. सुमारे ६ कोटी १५ लाख घटना, आकार २.१ जीबी. एकदा उतरवली की कॉलेजच्या इंटरनेटवर अवलंबून राहायला नको. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, पायथन, आणि ही फाइल वाचणारं अपरूट नावाचं फुकट पॅकेज पुरतं. सगळी फाइल एकदम रॅममध्ये ओढू नये, मशीन गोठतं. पाच-पाच लाख घटनांचे तुकडे वाचावेत आणि दर तुकड्यानंतर हिस्टोग्राम जतन करावा, म्हणजे वीज गेली तरी काम वाया जात नाही.

प्रत्येक म्युऑनसाठी आडवा संवेग, ईटा (किरणशलाकेशी असलेल्या कोनाचं माप), फाय (तिच्याभोवतीचा कोन) आणि विद्युतभार मिळतो. बरोबर दोन म्युऑन आणि विरुद्ध भार असलेल्या घटना घ्या. जोडीच्या वस्तुमानाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले दोन्ही आडवे संवेग गुणिले, ईटांच्या फरकाचा कॉश उणे फायच्या फरकाचा कोसाइन. हे सूत्र म्युऑनचं स्वतःचं ०.१०६ जीईव्ही वस्तुमान सोडून देतं. झेडसाठी चालतं, पण ०.५५ वरच्या ईटा मेसॉनजवळ (हा कण, वरचं कोनाचं माप नव्हे) चालत नाही, तिथे पूर्ण सूत्र हवं. ०.२५ ते ३०० जीईव्हीचा आलेख दोन्ही अक्ष लॉग ठेवून काढला की एका कागदावर वेगवेगळ्या कणांच्या शिखरांची रांग उभी राहते : ०.७८ जवळ रो-ओमेगा, १.०२ ला फाय, ३.१० ला जे-साय, ३.६९ ला त्याचं धाकटं भावंड, ९.४६ पासून अप्सिलॉन, आणि शेवटी ९१.२ ला झेड. पन्नास वर्षांचं कणभौतिकी पाऊण तासात. पडद्यावर ती रांग उमटताना पाहणं ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे.

पण प्रॅक्टिकल इथे संपवायचं नाही, सुरू करायचं. याच आलेखात झेडच्या बऱ्याच आधी एक रुंद फुगवटा दिसेल. तो कण नाही. त्या वर्षीच्या महत्त्वाच्या ट्रिगरांपैकी (कोणत्या घटना नोंदवायच्या ते जागच्या जागी ठरवणाऱ्या चाळण्यांपैकी) एक असा होता की एका म्युऑनला किमान १७ आणि दुसऱ्याला किमान ८ जीईव्ही आडवा संवेग हवा. बरोबर पाठमोऱ्या सुटलेल्या अशा जोडीचं वस्तुमान किमान २३.३ जीईव्ही भरतं. त्याखाली पाठमोऱ्या जोड्या गाळल्या जातात, वर आल्या की एकदम भरती होते. चाळणीची भोकं आलेखात उमटतात. मुलांनी हे स्वतः ओळखावं, आकडा स्वतः काढावा. मग सारख्याच भाराच्या जोड्यांचा आलेख काढून पार्श्वभूमीचा एक अंदाज घ्यावा.

झेडच्या शिखराची रुंदी काढताना बहुतेकांची चूक होईल ती अशी. शिखरावर नुसता गॉसियन बसवतील, सिग्मा वाचतील आणि तीच झेडची रुंदी म्हणून लिहितील. झेडची खरी रुंदी २.४९५ जीईव्ही ही अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी आहे. गॉसियनमध्ये ती सिग्माच्या २.३५५ पट असते. शिवाय डिटेक्टरचा स्वतःचा धूसरपणा त्यात मिसळलेला असतो, म्हणून ब्राइट-विग्नर (अल्पायुषी कणाच्या शिखराचा मूळ आकार) आणि गॉसियन एकत्र गुंफलेला आकार बसवावा लागतो. डावीकडे शेपूट लांब येते, कारण कधीकधी म्युऑन जाता जाता फोटॉन सांडतो आणि जोडीचं वस्तुमान कमी भरतं. ८० ते १०० ऐवजी ८६ ते ९६ चा पट्टा घेतला तर उत्तर किती सरकतं ते मोजा. ते सरकणं हीच त्रुटी. जर्नलमध्ये मुख्य जागा तिची.

शिकवणाऱ्यांची अडचण खरी आहे. अनेक कॉलेजांत भौतिकशास्त्राच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर माणसं राबतात, आणि त्यांच्यावर नवं ओझं टाकणं बरोबर नाही. म्हणून विद्यापीठाने फाइल, मराठीतली पुस्तिका आणि दोन आठवड्यांचं प्रशिक्षण दिल्याशिवाय हे सक्तीचं करू नये. पण वाट पाहायलाही फार वेळ नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेले सुमारे २,६०० कोटी रुपये. त्या जमिनीच्या आसपासची मुलं तिथे फाटकावरच उभी राहणार असतील तर ते आपल्या विद्यापीठांचं अपयश ठरेल. गुरुत्वलहरींचं यंत्र वेगळं असलं तरी डेटा तपासण्याची शिस्त हीच आहे. सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या लायगोच्या डेटात एक खणखणीत लहर सापडली. गटाने महिनोन् महिने तपासून शोधनिबंधही तयार केला, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडलं तेव्हा कळलं की आपली परीक्षा घ्यायला मोजक्या माणसांनी ती मुद्दाम घुसवली होती. त्या चाळणीतून गेलेल्या माणसांनी २०१५ मध्ये खरी लहर पकडली.

तेच पाकीट आपल्या परीक्षेत आणता येतं. परीक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याला दहा लाख घटनांचा वेगळा तुकडा द्यावा, आणि त्यातले सगळे संवेग एका गुप्त आकड्याने गुणलेले असावेत : कुणाला १.०१३, कुणाला ०.९८८. त्यासाठी पायथनच्या चार ओळी पुरतात. आकडे बंद पाकिटात. वस्तुमान संवेगाच्या प्रमाणात बदलतं, म्हणून पहिल्याला झेड ९२.४ च्या जवळ दिसेल, दुसऱ्याला ९०.१ जवळ. शेजाऱ्याचं उत्तर उतरवून चालणार नाही, आणि पुस्तकातला ९१.१९ लिहिणारा तर जागीच सापडेल. ५० पैकी १० गुण शिखराच्या जागेला, २५ त्रुटींच्या तक्त्याला, १५ व्हायव्हाला. आणि एखादी मुलगी जर म्हणाली, 'सर, माझं जे-सायचं शिखरही ३.१३७ ला आलंय, म्हणजे माझी संवेगाची पट्टीच १.३ टक्क्याने ताणलेली आहे, ती मी दुरुस्त करून झेड पुन्हा काढला', तर तिला पैकीच्या पैकी द्यावेत. डब्ल्यूचं वस्तुमान मोजताना सीएमएसने म्युऑनच्या संवेगाची पट्टी याच जे-सायवरून लावून घेतली होती.